तीन वाटांचे रणांगण

३ जुलै २००२ रोजी अमेरिकेतील ब्लिझार्ड या कंपनीचा ‘वॉरक्राफ्ट ३’ हा संगणकीय खेळ दुकानांत आला. माणसे, ऑर्क, प्रेतसेना आणि रात्रीच्या रानात वावरणारे एल्फ अशा चार कुळांच्या महायुद्धाची ती कहाणी होती. लोकांनी ती आवडीने खेळली, संपवली आणि पुन्हा खेळली. मात्र त्याच तबकडीवर, खेळाच्या शेजारीच, आणखी एक साधन बसले होते. त्याचे नाव ‘वर्ल्ड एडिटर’. रणांगणे रचण्याची अवजारे कंपनीने खेळणाऱ्यांच्याच हाती देऊन टाकली होती. डोंगर उभारा, नद्या वळवा, नवे वीर घडवा, त्यांच्या तोंडी हवी ती कथा घाला. मोबदला एका पैशाचा नव्हता, पण आडकाठीही कुणाची नव्हती.

त्या एडिटरपुढे जगभरातली शेकडो पोरे रात्री जागवत बसली. त्यांतल्या मोजक्या काही जणांच्या हातून जे घडले, त्याची ही हकिकत आहे. त्यांतल्या बहुतेकांना जग आजही टोपणनावानेच ओळखते.

हकिकतीचे मूळ मात्र चार वर्षे मागे, १९९८ सालात आहे. त्या वर्षी ब्लिझार्डचाच ‘स्टारक्राफ्ट’ हा अंतराळयुद्धाचा खेळ आला होता. या जातीच्या खेळांना ‘रिअल-टाइम स्ट्रॅटेजी’ म्हणतात. बुद्धिबळात एकाची चाल झाली की दुसरा विचार करतो. इथे दोघेही एकाच वेळी, न थांबता चाली करत असतात. खाणीतून धन काढायचे, छावणी उभारायची, फौज जमवायची आणि शत्रूवर तुटून पडायचे, हे सारे एकाच खेळाडूने, एकाच वेळी, डोळ्यांची पापणी न लववता करायचे. एऑन६४ या टोपणनावाच्या एका हौशी कारागिराने या जातीच्या मुळावरच घाव घातला. त्याने छावणी काढून टाकली, खाण काढून टाकली. खेळाडूच्या हाती उरला एकच योद्धा. समोर ठरावीक वाटांवरून संगणकाच्या फौजा लाटांसारख्या चालून येत आणि त्या लाटा परतवत शत्रूचे ठाणे गाठायचे. नकाशाचे नाव होते ‘एऑन ऑफ स्ट्राइफ’.

कल्पना विलक्षण होती, पण जमीन खडकाळ निघाली. स्टारक्राफ्टच्या योद्ध्याला अनुभवाने मोठे होणे ठाऊक नव्हते. दहा शत्रू मारले काय आणि शंभर मारले काय, तो होता तिथेच राही. त्याच्याजवळ शस्त्रे ठेवायला पिशवी नव्हती, शिकायला नवी विद्या नव्हती. नकाशे करणाऱ्यांनी नाना खटपटी केल्या, उसने उपाय शोधले, पण खेळाचा पायाच त्यांना साथ देत नव्हता. बी पडले होते आणि जमीन मिळायला चार वर्षे लागणार होती.

वॉरक्राफ्ट ३ ने ती जमीन दिली. या खेळात प्रत्येक सेनेबरोबर ‘हिरो’ होता. लढाई लढता लढता तो वाढत असे, नव्या विद्या शिकत असे आणि त्याच्याजवळ सहा कप्प्यांची पिशवी होती. ब्लिझार्डने हा हिरो सेनेच्या शोभेसाठी आणि बळासाठी घडवला होता. यूल या टोपणनावाच्या एका चाहत्याने सेनाच बाजूला सारली आणि हिरोला रंगमंचाच्या मध्यभागी आणून उभे केले.

२००३ मध्ये त्याने आपला नकाशा प्रसिद्ध केला. त्याचे नाव ‘डिफेन्स ऑफ द एन्शन्ट्स’, म्हणजे पुराणपुरुषांचे रक्षण. लोकांनी त्याचे ‘डोटा’ करून टाकले. त्याची मांडणी कुणालाही कागदावर काढता येईल इतकी सोपी आहे. चौकोनी भूमी. खाली डाव्या कोपऱ्यात एक ठाणे, वर उजव्या कोपऱ्यात दुसरे. मधून तिरपी वाहणारी नदी. दोन ठाण्यांना जोडणाऱ्या तीन वाटा, त्यांवर पहारा देणारे बुरूज आणि वाटांच्या मधल्या जागेत रान. पाच खेळाडू इकडचे, पाच तिकडचे. प्रत्येकाच्या हाती एकच हिरो. समोरच्या ठाण्यातील ‘एन्शन्ट’ पडला की युद्ध संपले.

या साऱ्याचे हृदय एडिटरमधल्या एका छोट्याशा आज्ञेत होते. एडिटरच्या भाषेत तिला ‘ट्रिगर’ म्हणतात. दर तीस सेकंदांनी दोन्ही ठाण्यांत शिपायांची एकेक तुकडी जन्माला घाल आणि तिला समोरच्या ठाण्याकडे चालायला सांग. एवढीच आज्ञा. पण ती चालू होताच निर्जीव नकाशाला नाडी फुटली. तिन्ही वाटांवर शिपाई चालत येत, मध्यावर भिडत, मरत आणि तोवर मागून नवी तुकडी निघालेली असे. माणसांनी हात लावला नाही तर हे युद्ध अनंतकाळ तसेच चालू राहील, इतके ते समतोल होते. तो तोल मोडायचा तो दहा हिरोंनी. या एका कल्पनेवर, माझ्या मते, पुढचा सगळा डोलारा उभा आहे. युद्धाचा गाडा यंत्राकडे आणि युद्धाचे शौर्य माणसाकडे, अशी वाटणी याआधी इतक्या स्वच्छपणे कुणी केली नव्हती.

आणि नेमक्या याच वळणावर घात झाला. १ जुलै २००३ ला वॉरक्राफ्ट ३ ची पुढची आवृत्ती ‘द फ्रोझन थ्रोन’ आली. तिच्या एडिटरमध्ये पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक सामर्थ्य होते. खेळणारे तिकडे धावले, पण यूलचा नकाशा तिकडे गेला नाही. यूल हळूहळू बाजूला झाला. भरल्या ताटावरून कर्ता उठून जावा, तशी अवस्था झाली.

दुसरे एखादे काम असते तर ते तिथेच संपले असते. इथे उलटे घडले. वारस नसलेल्या त्या नकाशाच्या प्रतींवर प्रती निघू लागल्या. ज्याला जो हिरो सुचला तो त्याने आपल्या प्रतीत घातला. काही प्रती बऱ्या होत्या, अनेक बेढब होत्या. कुठे एक हिरो इतका बलाढ्य की खेळ दहा मिनिटांत संपे, कुठे खेळ मध्येच गोठून बंद पडे. २००४ मध्ये यूलने जाहीर करून टाकले की या नकाशाची आवृत्ती काढायला कुणीही माझी परवानगी मागू नये, श्रेयनामावलीत माझी आठवण ठेवली तरी पुरे. तोवर लक्षावधी डॉलरचा प्रश्न कुणाच्या स्वप्नातही नव्हता. पण मालकीच्या वादात त्या दोन वाक्यांचा अर्थ लावण्यासाठी तेरा वर्षांनी, २०१७ मध्ये, कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाला बसावे लागले.

२००४ च्या सुरुवातीला मेयन आणि रॅग्नॉर या टोपणनावांच्या दोघांनी एक शहाणपणाचे काम केले. त्यांनी विखुरलेल्या प्रती चाळल्या, त्यांतले उत्तमोत्तम हिरो वेचले आणि एकाच नकाशात आणून बसवले. या संग्रहाचे नाव ‘डोटा ऑलस्टार्स’. लवकरच तो स्टीव्ह फीक या तरुणाच्या हाती आला. खेळाडूंच्या जगात त्याचे नाव गिन्सू.

गिन्सूपुढे एक अवघड गाठ होती. हिरोची पिशवी सहा कप्प्यांची. खेळ तासभर चालला की सहाही कप्पे भरत, सोने साचत राही आणि हिरो वाढायचा थांबे. कप्पे वाढवणे त्याच्या हाती नव्हते, ती मूळ खेळाची मर्यादा होती. तेव्हा त्याने वस्तूंनाच एकमेकींत विरघळवले. ठरावीक दोन-तीन साध्या वस्तू जमवा, वर एक ‘रेसिपी’ विकत घ्या, की त्यांची मिळून एकच बलवान वस्तू तयार होते आणि बाकीचे कप्पे रिकामे होतात. कुलूप मोडता येत नव्हते, म्हणून त्याने भिंतीत नवे दार पाडले. शेवटच्या घडीपर्यंत हिरो वाढत राहिला आणि खेळातली चुरसही. रानातल्या एका गुहेत त्याने एक अजस्र राक्षसही आणून बसवला. एकट्यादुकट्याने त्याच्या वाटेला जायचे नाही, पाचांनी मिळून त्याला पाडले तरच पुनर्जन्म देणारी ढाल मिळायची. या राक्षसाचे नाव रोशन. जगभरातल्या खेळाडूंना धडकी भरवणारे हे नाव गिन्सूने आपल्या बोलिंगच्या चेंडूवरून उचलले होते.

२००५ मध्ये गिन्सूनेही खांदा काढून घेतला. थोडा काळ निकस या साथीदाराने भार वाहिला आणि मग पालखीला तो खांदेकरी लाभला, ज्याने ती वर्षानुवर्षे खाली ठेवली नाही. त्याचे नाव आइसफ्रॉग. तो कोण, कुठला, हे त्याने कधीच सांगितले नाही. त्याने सभा गाजवली नाही, छायाचित्र दिले नाही. त्याच्याकडून येत राहिल्या त्या फक्त नव्या आवृत्त्या. एका हिरोचा घाव दोन अंशांनी कमी, दुसऱ्याची चाल थोडी वेगवान, तिसऱ्याची विद्या मुळापासून नवी. शंभराच्या आसपास हिरो, प्रत्येकाच्या चार विद्या आणि तरी कुणी अजिंक्य ठरू नये, कुणी टाकाऊ ठरू नये. वीणेच्या तारा जुळवणाऱ्याची चिकाटी त्या माणसात होती. एक तार सूर धरते तोवर दुसरी उतरते, हे ठाऊक असूनही तो रोज खुंट्या पिळत राहिला.

तेही किती अपुऱ्या साधनांत! वॉरक्राफ्टच्या जाळ्यावर खेळता येणाऱ्या नकाशाच्या फाइलला मर्यादा होती ४ मेगाबाइटची, पुढे ती ८ झाली. एवढ्या जागेत अख्खे विश्व कोंबायचे. म्हणून नव्या हिरोंना कंपनीचीच जुनी शरीरे द्यावी लागत. आकडा फेकून शत्रूला ओढून आणणारा पज हा डोटाचा सर्वांत लाडका खाटीक. त्याचा देह म्हणजे वॉरक्राफ्टच्या प्रेतसेनेतला एक सामान्य सैनिक होता.

पण या कथेतला मला सर्वांत थरारक वाटणारा शोध ना यूलचा आहे, ना गिन्सूचा, ना आइसफ्रॉगचा. तो निनावी खेळाडूंनी लावला आणि तो लागला एका चुकीतून.

रानात ठिकठिकाणी वन्य प्राण्यांचे अड्डे होते. ते मारले की सोने मिळे. दर मिनिटाला नकाशा प्रत्येक अड्डा तपासून पाही. जागा रिकामी असली की तिथे नवे प्राणी जन्मत, जागा भरलेली असली की काही होत नसे. कुणीतरी घड्याळावर नजर ठेवून त्रेपन्नाव्या सेकंदाला एका प्राण्याला डिवचले आणि पळ काढला. चवताळलेला अड्डा त्याच्या मागे धावला. चोपन्न, पंचावन्न, छप्पन्न. साठाव्या सेकंदाला नकाशाने पाहिले तर जागा मोकळी! त्याने इमानेइतबारे नवे प्राणी जन्माला घातले. पाठलाग सोडून जुने प्राणी परत आले आणि एका अड्ड्यात दोन अड्ड्यांचे सोने उभे राहिले. पुढच्या मिनिटाला तीन. मग चार.

ही उघड चूक होती. अशा चुका कारागीर आवृत्तीसरशी बुजवून टाकतात. इथे ती बुजवली गेली नाही. कारण या चुकीने खेळाला एक नवीन कौशल्य दिले होते आणि ज्याच्या वाट्याला सोने येत नाही अशा दुबळ्या हिरोला संघासाठी काहीतरी मोलाचे करता येऊ लागले होते. तिचे नाव पडले ‘स्टॅकिंग’. आपलाच मरणपंथाला लागलेला शिपाई स्वतःच्या हाताने संपवायचा, म्हणजे शत्रूला शेवटच्या घावाचे सोने मिळणार नाही, ही ‘डिनाय’ची युक्तीही वॉरक्राफ्टच्या एका दुर्लक्षित नियमातूनच निघाली. अपघातातले सोने ओळखण्याची ही नजर मला कोणत्याही मोठ्या कारागिराच्या प्रतिभेइतकीच थोर वाटते.

नकाशा आता वणव्यासारखा पसरत होता. त्याला दुकान नव्हते, जाहिरात नव्हती. कुणी खेळ मांडला आणि तुम्ही त्यात शिरलात की फाइल आपोआप तुमच्या संगणकावर उतरे. ऑक्टोबर २००५ मध्ये ब्लिझार्डने अनाहाइमला भरवलेल्या पहिल्याच ‘ब्लिझकॉन’ सोहळ्यात डोटाचे सामने ठेवले. २००६ मध्ये स्वीडनच्या बासहंटर या गायकाने डोटावर चक्क गाणे केले आणि ते युरोपभर वाजले. पुढच्या काही वर्षांत मुंबई-पुण्याच्या अभियांत्रिकी वसतिगृहांतही रात्री जेवणे आटोपली की लॅनवर डोटाचे फड रंगू लागले. शेजारच्या खोलीतून आलेल्या एका आरोळीवरून पज कुणाला सापडला ते कळत असे.

मग २००९ चा ऑगस्ट आला आणि पायाखालची फळीच सरकली. वॉरक्राफ्टच्या नकाशांच्या भाषेत एक भेग होती. ‘रिटर्न बग’ या नावाने ती नकाशे करणाऱ्यांत प्रसिद्ध होती. तिच्यातून हात घालून कारागीर भाषेला एरवी अशक्य असलेली कामे करून घेत. वर्षानुवर्षे हजारो नकाशे त्या भेगेच्या आधाराने उभे राहिले, डोटासुद्धा. त्याच भेगेतून एखादा दुष्ट नकाशा खेळणाऱ्याच्या संगणकात घातक आज्ञा घुसवू शकतो, हे उघडकीस आले. ब्लिझार्डने १.२४ या सुधारणेत ती भेग लिंपून टाकली. तिच्यावर विसंबलेले नकाशे पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळले. कितीतरी नकाशांचे कर्ते केव्हाच निघून गेले होते, ते नकाशे पुन्हा उठलेच नाहीत. डोटाचा कर्ता जाग्यावर होता. आइसफ्रॉगने खालची वीट न् वीट बदलून घेतली आणि वरचा वाडा हलू दिला नाही.

त्याच वर्षी वाटा फुटल्या. गिन्सू रायट गेम्स या नव्या कंपनीत गेला होता. २७ ऑक्टोबर २००९ ला तिचा ‘लीग ऑफ लेजंड्स’ आला. तीन वाटा, दोन ठाणी, पाच विरुद्ध पाच. तो जगातल्या सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या खेळांपैकी एक ठरला. इकडे वॉल्व्ह या बलाढ्य कंपनीतले रॉबिन वॉकर, एड्रियन फिनॉल, एरिक जॉन्सन असे मुरलेले लोक डोटाच्या नादी लागले होते. त्यांनी आइसफ्रॉगशी पत्रव्यवहार केला आणि त्यालाच बोलावून घेतले. यूललाही पुढे तिथेच काम मिळाले. उसन्या जमिनीवर उभा असलेला नकाशा आता स्वतःच्या जमिनीवर पायापासून बांधायचा होता. त्यात एक नवलाची गोष्ट घडली. जुन्या यंत्रातल्या अपघाताने निपजलेल्या खोडी नव्या यंत्रात मुद्दाम घडवाव्या लागल्या. त्रेपन्नाव्या सेकंदाची ती चूक तिथे नियम म्हणून बसवली गेली. पुढे तर अड्डा रचणाऱ्याला सोन्यात वाटाही मिळू लागला.

१७ ऑगस्ट २०११. जर्मनीतील कोलोन शहर. ‘डोटा २’ नावाचा हा नवा खेळ अजून दुकानातही आला नव्हता आणि त्याच्या पहिल्या जागतिक स्पर्धेसाठी सोळा संघ येऊन बसले होते. बक्षिसांची रक्कम १६ लाख डॉलर, त्यांतले १० लाख एकट्या विजेत्याला. संगणकीय खेळाच्या स्पर्धेत इतका पैसा तोवर कुणी पाहिला नव्हता. आकडा ऐकून अनेकांचा विश्वास बसला नाही. २१ तारखेला युक्रेनच्या नॅटस व्हिन्सेरे संघाने चीनच्या ईहोम संघाला ३-१ असे नमवले आणि पैसे खरोखरच मिळाले. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, बुखारेस्टला याच स्पर्धेचे बक्षीस ४ कोटी डॉलरवर पोहोचले.

नावावरून दोन कंपन्यांत भांडण व्हायचे ते झालेच. ज्या तबकडीतून डोटा जन्मला ती ब्लिझार्डची आणि ज्याने तो वाढवला तो माणूस वॉल्व्हचा. मे २०१२ मध्ये समेट झाला. ‘डोटा’ हे नाव व्यापारासाठी वॉल्व्हकडे गेले, चाहत्यांच्या बिनव्यापारी नकाशांपुरते ब्लिझार्डकडे राहिले. २०२० मध्ये वॉरक्राफ्ट ३ ची नवी आवृत्ती काढताना ब्लिझार्डने नियमच केला की यात चाहत्यांनी घडवलेले सगळे नकाशे कंपनीच्या मालकीचे. हा नियम मला चुकीचा वाटतो. २००२ मध्ये असा नियम असता तर यूल, गिन्सू आणि आइसफ्रॉग यांनी त्या एडिटरपुढे आपल्या रात्री ओतल्या असत्या का, याचा विचार व्हायला हवा होता.

एप्रिल २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये डोटा २ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. वसतिगृहात आरोळ्या ठोकणारी ती पिढी तिकीट काढून आली आणि तीच आरोळी तिने हजारोंच्या गर्दीत ठोकली. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-क्रीडा स्पर्धेत भारताच्या डोटा संघाने कांस्यपदक आणले. दरम्यान डोटा २ नेही चाहत्यांसाठी आपला एडिटर खुला केला होता. जानेवारी २०१९ मध्ये ड्रोडो नावाच्या एका चिनी चमूने त्यावर ‘ऑटो चेस’ रचला आणि त्यातून खेळांची आणखी एक नवी जात निघाली.

डोटाच्या रणांगणावर दोन्ही ठाण्यांत एक दुकान असते. तिथे एक दंड विकत मिळतो. तो चालवला की समोरचा हिरो वावटळीत सापडून वर उचलला जातो आणि अडीच सेकंद त्याला कुणीही हात लावू शकत नाही. जुन्या नकाशातून तो तसाच नव्या खेळात आला आहे. त्याच्या नावातला पहिला शब्द ‘यूल’ असा आहे.